सदतीस सेकंद आणि शेहेचाळीस वर्षे

जबलपूरच्या सदर भागात, छावणीच्या बाजारपेठेत, राहणाऱ्यास १९६५ सालची आठवण निराळी करून द्यावी लागत नाही. ग्रेनेडियर्सचे केंद्र याच शहरात आहे, आणि त्या सप्टेंबरात खेमकरणच्या आघाडीवर शत्रूचे रणगाडे फोडीत धारातीर्थी पडलेला अब्दुल हमीद त्याच पलटणीचा होता. हुतात्म्यांची स्मृती जपण्याची रीत आपल्याला साधली आहे. परंतु त्याच युद्धातून जे जायबंदी होऊन परतले, त्यांचा इतिहास कोणी लिहावयाचा?

मुरलीकांत पेटकर हे अशांपैकी एक. जन्म १ नोव्हेंबर १९४४चा, सांगली जिल्ह्यातील पेठ येथला. सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात ते शिपाईगिरी करीत आणि मुष्टियुद्धात नाव मिळवीत होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियोद्ध्याचे पायच गेल्यावर त्याची कारकीर्द संपली, असेच कोणीही म्हटले असते.

पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते उपचार म्हणून. पाण्यात देहाचा भार हलका होतो, आणि जमिनीवर निकामी ठरलेला माणूस तेथे आपला आपण पुढे सरकू शकतो. अशा रुग्णास पाण्याची ओळख बहुधा पाठीवर तरंगवूनच करून देतात. कारण उताणे पोहताना तोंड पाण्याबाहेर राहून श्वास मोकळा चालतो. शर्यतीची गोष्ट मात्र वेगळी. धडधाकट पोहणाऱ्याचे पाय कंबर वर उचलून धरतात. पाय लुळे असले म्हणजे ते खाली ओढतात, आणि सारे काम खांदे व दंड यांवर पडते. मुष्टियुद्धाने कमावलेले बाहू येथे कामी आले असले पाहिजेत, हे उघड आहे.

या खेळांचा इतिहासही युद्धातूनच निघाला आहे. नाझी राजवटीमुळे १९३९ साली जर्मनी सोडून इंग्लंडात आलेले डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात पाठीचा कणा दुखावलेल्या सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्या रोपट्याचा वृक्ष होऊन १९७२ साली ही स्पर्धा जर्मनीतच, हायडेलबर्ग येथे भरली. पेटकर १९६८ साली तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळून आले होते. हायडेलबर्गला त्यांनी आपल्या गटात पन्नास मीटर मुक्तशैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले आणि सुवर्णपदक जिंकले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता.

तारखा पाहण्यासारख्या आहेत. हायडेलबर्गची स्पर्धा ११ ऑगस्टला आटोपली. म्यूनिकचे ऑलिंपिक २६ ऑगस्टला सुरू झाले. तेथे आपल्या हॉकी संघाला कांस्यपदक मिळाले. पुढे २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण म्हणून त्याचा यथोचित गौरव झाला. छत्तीस वर्षे आधी एका मराठी सैनिकाने अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये मिळविलेले वैयक्तिक सुवर्ण त्या वेळी किती जणांस आठवले?

१९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९८४ साली निवर्तले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या पश्चात जाहीर झाला. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. त्यांच्या जीवनावरचा हिंदी चित्रपट २०२४ साली आला, आणि जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी अर्जुन पुरस्कार स्वीकारला.

सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या मजसारख्यास या उशिराचे फारसे नवल वाटत नाही. कागदावर जखमी माणूस 'अपंगत्व शेकडा इतके' एवढाच उरतो. उरलेल्या शेकड्यात त्याने काय केले, हे नोंदविण्यास रकाना नसतो. पेटकरांची नोंद उशिरा का होईना झाली, ती पाहण्यास ते हयात होते. परंतु आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या वैयक्तिक सुवर्णपदकाचा प्रश्न येईल, तेव्हा त्यांना २००८च्या जोडीने १९७२ हे सालही सांगावे. तेवढे तरी आपल्या हाती आहे.