मंगळावरील कालवे : एका भाषांतराची संतती

१८७७ साली इटालियन ज्योतिर्विद स्किआपारेल्ली याने मंगळावर रेषा पाहिल्या व त्यांस 'कनाली' म्हटले. इटालियनमध्ये हा शब्द निसर्गनिर्मित प्रवाहमार्गालाही लागतो. इंग्रजीत मात्र त्याचा खोदलेला कालवा झाला. कालवा म्हटला की खोदणारा आलाच! अमेरिकन लॉवेलने तो तृषार्त ग्रहाचा रहिवासी ठरविला आणि १८९८ मध्ये वेल्सने तशाच मरणोन्मुख मंगळावरून इंग्लंडवर स्वारी आणिली. टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराचे स्मरण देऊन त्याने आपला रोखही स्पष्ट केला. पारतंत्र्यातील मराठी वाचकाला हा उपरोध निकटचा वाटावयास हवा होता. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठीत क्रमशः आला तो व्हेर्नचा चंद्रप्रवास.

मराठी भाषांतरकारापुढचा पेच निराळाच आहे. युद्धाचा अधिकार रोमनांच्या मार्सकडे आहे, तसा ग्रहमंडळाचा सेनापती म्हणून मंगळाकडेही आहे. परंतु मंगळ हा 'भौम', भूमीचा पुत्र. पत्रिकेत धाक घालणारा, तरी नावाने शुभ. पुत्रच मातेवर चालून येतो, हा अर्थ वेल्सच्या इंग्रजीत नाही. मराठीत तो भाषांतरकाराने न योजताही उमटतो.

१९६५ मध्ये मरिनर-४ ने धाडलेल्या छायाचित्रांत विवरे दिसली. कालवा एकही नव्हता.