तीन बांधांचा हिशेब

माहूरच्या डोंगरउतारावर चौकोनी शेत नशिबानेच मिळते. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला नाला, तिसरीकडे वाट. मधे उरतो तो तिकोनी तुकडा. वाटणीला बसलो की आम्ही अशा तुकड्यापाशीच अडतो.

समजा, बापामागे एक मुलगा आणि एक मुलगी आहे. एक शेत १२ बाय १४ साखळ्यांचे, म्हणजे १६८ गुंठे. कारण ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. दुसरा तुकडा तिकोनी. त्याचे बांध १३, १४ आणि १५ साखळ्यांचे. अंदाजाची रीत सोपी आहे : १३ आणि १५ची सरासरी १४, तिला उरलेल्या बांधाच्या निम्म्याने, ७ने गुणायचे. आले ९८ गुंठे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्येच या रीतीला स्थूल म्हटले आणि सूक्ष्म रीत वेगळी सांगितली.

सूक्ष्म रीत अशी : तिन्ही बांधांची बेरीज ४२, तिचे निम्मे २१. त्यातून एकेक बांध वजा केला की ८, ७ आणि ६ उरतात. २१, ८, ७ आणि ६ यांचा गुणाकार ७०५६. त्याचे वर्गमूळ ८४. तुकडा ८४ गुंठ्यांचाच!

हे सूत्र अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने ओळखले जाते. अल्-बेरूनीने मात्र त्याचे श्रेय आर्किमिडीजला दिले. हेरॉनचा मूळ ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. तो १८९६ साली इस्तंबूलच्या एका हस्तलिखितात सापडला. तोवर युरोपकडे हे सूत्र होते, कारण नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी ते सिद्धतेसह लिहिले आणि बाराव्या शतकात त्यांच्या पुस्तकाचा लॅटिन अनुवाद झाला.

१३, १४, १५चा त्रिकोणही आमच्या कल्पनेतला नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त तो आहे. १५८७ साली अकबराच्या हुकमावरून फैजीने 'लीलावती' फारसीत आणली. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, अल्-ख्वारिज्मीने बीजगणिताच्या आपल्या पुस्तकात हाच मुसल्लस घेतला. त्याने लंब काढला, तो १२ आला; १४च्या निम्म्याने गुणले, उत्तर तेच ८४. त्याच पुस्तकात पुढे वारसांच्या वाटणीची लांबलचक प्रकरणे आहेत. मोजमाप आणि हक्क एकाच जिल्दीत बांधणाऱ्याला ठाऊक होते की माप चुकले तर हक्कही चुकतो.

आता आपल्या वाटणीकडे येऊ. १६८ आणि ८४ मिळून २५२ गुंठे. भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक. तिचा वाटा बरोबर ८४ गुंठे, म्हणजे तो तिकोनी तुकडा पुरताच तिचा. अंदाजाने मोजले तर एकूण २६६ गुंठे होतात, तिचा वाटा पावणेनव्वदच्या आत राहतो आणि तुकडा ९८चा ठरतो. मग भाऊ म्हणणार, "बाई, नऊ गुंठ्यांहून जास्त जमीन तुझ्याकडे जादा गेली, परत कर." भावाच्या मनात खोट नसेलही; खोट मापात आहे.

आम्ही वाटणीच्या बैठकीत आयती सांगतो, हदीस सांगतो. त्याआधी साखळी हाती घ्यावी आणि तिन्ही बांध मोजावेत.