पांझरेचे दोन नकाशे : साखळीचा आणि पाण्याचा

१/८
सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावलेली पांझरा पिंपळनेरवरून साक्री आणि धुळ्याकडे वाहते. पुढे ती उत्तरेस वळून मुडावद येथे तापीला मिळते. या खोऱ्याची मोजणी दोनदा झाली : एकदा साखळीने आणि त्याआधी पाण्याने.

२/८
१८१८ मध्ये खानदेश पेशव्यांकडून कंपनीकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. नव्या सत्तेला जमिनीचा हिशेब हवा होता, तो मुख्यतः साऱ्यासाठी.

३/८
ही मोजणीपद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापुरात घडवली. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. हे माप आजही आपल्या बोलण्यात आहे.

४/८
१८५२ मध्ये साखळी खानदेशात पोहोचली आणि सावदा-एरंडोल भागात शेतकरी मोजणीविरुद्ध उभे राहिले. बंदोबस्ताला फौज आणावी लागली. मोजलेल्या जमिनीवर सारा वाढेल, हे भय त्यामागे होते.

५/८
मोजणीतून गावनकाशे झाले. त्यांत सर्व्हे नंबर होता, बांध होता, क्षेत्र होते. उंचसखलपणा मात्र नव्हता. पाणी कुठून कुठे उतरेल, हे त्या कागदावरून कळत नसे.

६/८
ते ज्ञान फड पद्धतीत होते. पांझरेवर ब्रिटिशपूर्व काळापासून दगडी बंधारे होते. बंधाऱ्यातून निघालेला पाट अगदी अल्प उताराने, जवळजवळ समपातळीत नेलेला असे. उतार जास्त झाला तर पाट खचणार, कमी झाला तर पाणी तुंबणार. भूगोलाच्या पुस्तकातली समोच्च रेषा येथे कुदळीने आखली गेली होती.

७/८
पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडात एकच पीक, दरवर्षी पालट. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात असल्याने टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे, राखणीचे जागल्याकडे.

८/८
समोच्च रेषांचे तपशीलवार सरकारी नकाशे विसाव्या शतकात आले. त्याच शतकात विहिरी आणि मोटारी वाढल्या, धरणांनी प्रवाह बदलले आणि बरेच फड मोडले. साखळीचा नकाशा दप्तरात टिकला. पाण्याचा नकाशा मात्र दरवर्षी पाट वाहता ठेवणाऱ्या माणसांवर अवलंबून होता. पाट बुजला की तोही पुसला जातो.