मुंबईची गिरणी आणि मार्क्सचे एक भाकीत

मागच्या व्याख्यानात आपण मँचेस्टरपर्यंत आलो होतो. एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधल्या कामगारवर्गाच्या स्थितीवर जे पुस्तक लिहिलं, त्याची चर्चा आपण केली. आज आपल्याला मुंबईत यायचं आहे. त्यातही मुंबईच्या कापड गिरणीतल्या एका खात्यात आणि त्या खात्यातल्या एका हातभर लांबीच्या लाकडी वस्तूपाशी. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. इतिहास हा काही आमचा धंदा नव्हे. पण 'वर्ग' ही कल्पना आम्ही अनेक वर्षे वर्गात शिकवली, आणि ती नीट समजायची तर गिरणीत जाण्यावाचून गत्यंतर नाही हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते कसं, हे पुढे येईलच.

१८५३ हे साल ध्यानात ठेवा. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी गेली. त्याच वर्षी लंडनमध्ये, सोहोतल्या दोन खोल्यांत, कर्जबाजारी अवस्थेत राहणारा कार्ल मार्क्स 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' या अमेरिकन पत्रासाठी हिंदुस्थानावर लेख लिहीत होता. ८ ऑगस्टच्या अंकात त्याचा एक लेख छापून आला. ब्रिटिश राजवटीचे हिंदुस्थानात पुढे काय परिणाम होतील, हा त्याचा विषय. त्यात मार्क्सने एक भाकीत केलं. रेल्वे आली की तिच्यामागोमाग आधुनिक उद्योग येणार, आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती विभागणी हा उद्योग विरघळवून टाकणार. म्हणजे आगगाडी येईल, गिरणी येईल आणि जात जाईल.

पहिला भाग लगेच खरा ठरला. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध, कापसाची तेजी, १८६५ ची मंदी, हे सगळं आपल्याला माहीत आहे. त्यात आज शिरत नाही. शतक संपेपर्यंत गिरणगाव उभा राहिला होता. कोकणातून, मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरून, साताऱ्याकडून माणसं आली. उत्तरेतून मुसलमान विणकर आले. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा माणसं, जेवायला खाणावळ, आणि नोकरी लावणारा, काढणारा, उधार देणारा असा सबकुछ जॉबर.

दुसऱ्या भागाचं काय झालं? त्यासाठी विणाई खात्यात जाऊ.

माग चालतो तेव्हा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो. धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर माग थांबवतो, नवी कांडी बसवतो, आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. आता हे टोक बाहेर काढायचं कसं? तर भोकाला तोंड लावायचं आणि जोराने श्वास आत ओढायचा. दोरा सुर्रकन तोंडात येतो. दिवसात कितीतरी वेळा हे करायचं. एकच धोटा एकापेक्षा अधिक माणसांच्या हातून, म्हणजे तोंडातून, जायचा.

अस्पृश्य मानलेल्या जातींना, मुख्यतः महार कामगारांना, या खात्यात घेत नसत. कारण उघड आहे. ज्या धोट्याला त्याचं तोंड लागलं त्याला सवर्ण विणकर तोंड लावणार नाही. तेव्हा महार कामगार गिरणीत होता, पण कताई खात्यात किंवा त्याहून खालच्या कामांवर. आणि विणाई खात्यातली मिळकत कताईतल्या साध्या कामगारापेक्षा बरीच जास्त, कित्येकदा दुपटीच्या घरात. ही गोष्ट सांगितल्याशिवाय विटाळाची गोष्ट अपुरी राहते. विटाळ जिथे पाळला जात होता तिथेच पगार जास्त होता.

आता कोणी म्हणेल, हे आपल्याच मागासलेल्या समाजाचं लक्षण. आम्हाला ते तितकंसं पटत नाही. लँकेशायरमध्येही विणकर तोंडानेच दोरा ओढत. तिथे तक्रार झाली ती रोगराईची, दातांची. मात्र दार बंद करणं तिथेही होतं. १८२९ च्या डिसेंबरात जॉन डोहर्टीच्या पुढाकाराने सूत कातणाऱ्या कारागिरांचे प्रतिनिधी आईल ऑफ मॅन या बेटावर जमले. तिथे ठरलं काय, तर हा धंदा शिकवायचा तो आपल्या मुलाला, भावाला, अनाथ पुतण्या-भाच्याला. बायकांना शिकवायचा नाही. कामगार चळवळीच्या आरंभीच्या मोठ्या संघटनांपैकी ही एक. तेव्हा चांगल्या पगाराची जागा आपल्या माणसांसाठी राखून ठेवणं ही काही मुंबईकरांची मक्तेदारी नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. आईल ऑफ मॅनचा ठराव हा ठराव होता. तो मांडला गेला, त्यावर चर्चा झाली, तो उद्या बदलताही आला असता. मुंबईच्या विणाई खात्यातला नियम कुणी केलाच नव्हता. तो कुठे लिहिलेला नव्हता. मालक म्हणणार आमचा नियम नाही, युनियन म्हणणार आमचा नियम नाही. ज्याचा कोणी कर्ताच नाही अशा नियमाविरुद्ध मागणी करायची कुणाकडे? इथे आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला थांबावं लागतं.

आता तो राहिलेला प्रसंग सांगतो. आम्ही वर्गात मार्क्सचा १८४७ सालचा एक विचार शिकवत होतो. भांडवल माणसांना एका परिस्थितीत आणून टाकतं, त्यामुळे ती भांडवलाच्या दृष्टीने एक वर्ग होतात. पण स्वतःच्या दृष्टीने ती वर्ग होतात संघर्षातून. उदाहरण म्हणून आम्ही मुंबईचा १९२८ चा संप सांगितला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, माझे पणजोबा त्या संपात होते. सहा महिने घरी बसले. पण ज्या खात्यासाठी संप झाला, त्या खात्यात त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. ते कोणत्या वर्गात होते?" मुलं हसली, कारण 'वर्ग' शब्दावर कोटी झाली होती. आम्ही काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर नव्हतं.

त्याचा प्रश्न किती नेमका होता ते पाहा. त्या वर्षी गिरणीमालकांनी 'कार्यक्षमता' नावाचा प्रकार आणला. जानेवारीपासून ससून गटाच्या गिरण्यांत सुरुवात झाली. कताईत एका माणसाकडे यंत्राची एक बाजू असायची तिथे दोन, आणि विणकराकडे दोन माग असायचे तिथे तीन. अर्थ सरळ आहे, माणसं कमी होणार. शिवाय विणाईच्या दरांत कपात. म्हणजे कताईलाही झळ होती, पण आग पेटली ती मुख्यतः विणाईत, आणि संपाचा कणा विणकरच होते. २६ एप्रिलपासून सगळ्या गिरण्या बंद होत गेल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाच महिन्यांहून अधिक काळ, जवळजवळ दीड लाख कामगार बाहेर. संयुक्त संप समितीत नेमस्त ना. म. जोशी होते आणि कम्युनिस्ट डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकरही होते. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, याच संपातून जन्माला आली आणि वर्षअखेर तिचे पन्नास हजारांवर सभासद झाले. हिंदुस्थानात अशी युनियन त्यापूर्वी कुणी पाहिली नव्हती. आम्ही याला मोठी घटना मानतो, आणि पुढे जे सांगणार आहोत त्याने ती लहान होत नाही.

या वेळी डॉ. आंबेडकर कुठे होते? राहायला परळलाच, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, कामगारांच्या शेजारात. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे मागणी केली की अस्पृश्य कामगारांना गिरणीतल्या सर्व खात्यांत काम मिळण्याचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला. नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपात राहा असं का सांगावं? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी दिलेलं उत्तर आंबेडकरांनी पुढे सांगितलं आहे. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे.

हे उत्तर ढोंगी होतं का? अर्धं होतं. मालकांनी मनात आणलं असतं तर हाताने दोरा ओवायचे धोटे तेव्हा निघालेले होते. पण एक कामगार दुसऱ्याला दूर ठेवतो आहे, याची मालकाला तसदी कशाला वाटावी? भरती जॉबर करतो, जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं आणतो, खातं शांत राहतं. उरलेलं अर्धं उत्तर मात्र खरं होतं, आणि तेच जास्त बोचणारं आहे. धोटा विटाळतो असं म्हणणारा मालक नव्हता. तो शेजारच्या मागावरचा, त्याच मोर्चात चालणारा, त्याच बावट्याखालचा कामगार होता.

कम्युनिस्ट पुढाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांचं म्हणणं असं की आधी लढा जिंकू, समाजवाद आला की जात आपोआप जाईल. हा 'आपोआप' शब्द कुठून आला? तो १८५३ च्या त्या लेखातून आला. मार्क्सने पत्रकार म्हणून, दूर लंडनमध्ये बसून, हाती असलेल्या कागदपत्रांवरून केलेलं भाकीत त्याच्या अनुयायांनी सिद्धांत म्हणून घेतलं. त्याच लेखात, इंग्लंडमध्ये कामगारांची सत्ता आल्याखेरीज किंवा हिंदी लोकांनी इंग्रजांचं जू फेकून दिल्याखेरीज या बदलाचं फळ इथल्या लोकांच्या पदरात पडणार नाही, असंही म्हटलेलं आहे. ती अट ध्यानात राहिली. यंत्र जातीला विरघळवेल की जात यंत्रात आपली जागा शोधेल, हा प्रश्न मात्र राहून गेला.

इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की वर्ग ही वस्तू नाही, ती माणसामाणसांत घडणारी गोष्ट आहे. हे मानलं तर त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. त्याचे पणजोबा भांडवलाच्या दृष्टीने कामगारवर्गात होतेच. पण जो वर्ग 'घडत' होता त्यात ते संपाच्या दिवशी होते आणि कामाच्या दिवशी नव्हते. अर्धवट घडलेला वर्ग कसा दिसतो, तर तो असा दिसतो. आमच्या या म्हणण्यावर आमचे जुने मार्क्सवादी मित्र रागावतात. ते म्हणतात, तुम्ही कामगारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता. आम्ही तसं करत नाही. पाच महिने उपाशी राहण्याची हिंमत ज्याने दाखवली त्याला आम्ही काय दोष देणार? पण त्याच्या हिमतीची व्याप्ती कुठे संपली, हे सांगणं इतिहासाचं काम आहे.

पुढची वर्षे भराभर सांगतो. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्याच वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि त्याला आंबेडकरांचा विरोध होता. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी त्याच वर्षी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात मांडलं. हा विचार ग्रंथातून आला असं आपण समजतो. आम्हाला वाटतं, त्यात परळच्या शेजाराचाही वाटा असावा.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर समतेचा नकार, हेही स्पष्ट केलं. पण आम्हाला त्या भाषणातला एक साधा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. रेल्वेत अस्पृश्याला गँगमन म्हणून रुळांवर खपता येतं, पण स्टेशनवरचा हमालसुद्धा होता येत नाही. का? तर हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात. घरात अस्पृश्य कसा चालणार? बोरीबंदर ते ठाणे गाडी धावल्याला तोवर ८५ वर्षे होत आली होती.

त्याच वर्षी मुंबई सरकारने, म्हणजे काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने, औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. त्याने संप करणं फार अवघड होणार होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. या वेळी आंबेडकर आणि डांगे, निंबकर एकत्र होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक आणि लाल बावट्याचे कामगार एकाच मैदानात उतरले. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी सर्व खात्यांच्या हक्काची मागणी नाखुशीने घेतली होती, त्यांच्या शेजारी ती मागणी करणारा माणूस उभा होता. कायदेमंडळात आंबेडकरांनी सांगितलं की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क होय. विधेयक मात्र मंजूर झालं.