अंगठा, पिग्मी आणि मोबाइल : म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची वाटचाल

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेत सापडलेला माण तालुका. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. त्यामुळे इथलं घर वर्षभर एका जागी क्वचितच असतं. कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात परमुलखात, कुणी ऊसतोडीला, कुणी मेंढरं घेऊन रानोमाळ. मागं उरलेली बाई शेत, जनावरं आणि पोरं सांभाळते. लांबच्या माणसाचा निरोप घरी पोचावा आणि हातात आलेला पैसा हातात राहावा, या दोन गरजा माणदेशात कायमच्या. पैशाच्या गरजेतून म्हसवडमध्ये बायकांची बँक उभी राहिली. निरोपाची गरज पुढे मोबाइलने भागवली. बँकेनं आपल्या दाराशी आलेल्या तंत्राला कसं वळण लावलं, हे तिच्या वाटचालीत पाहण्यासारखं आहे.

शिक्का परवान्याचा

मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या. १९९६ मध्ये माणदेशी फाउंडेशनचं काम सुरू झालं. बँकेचं निमित्त मात्र रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईनं दिलं. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला रोज थोडे पैसे बाजूला ठेवायचे होते. एवढ्याशा रकमेचं खातं उघडायला कोणतीही बँक तयार होईना. तिला कर्ज नको होतं, सवलत नको होती, हवी होती फक्त तिचेच पैसे ठेवायला जागा. मग आपणच बँक काढू, असं ठरलं.

रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला. प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता आणि निरक्षरांच्या हाती बँक द्यायला अधिकारी राजी नव्हते. म्हसवडमध्ये साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी बायका पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही, असं त्यांनी साहेबांना ऐकवलं. वर पैजही लावली : कोणतीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटरशिवाय काढावं. १९९७ मध्ये परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँकेचं कामकाज सुरू झालं. ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी चालवलेली ही देशातली पहिली सहकारी बँक म्हणून ओळखली जाते.

बँक पाटीजवळ

परवाना मिळाला तरी बायका शाखेत येईनात. आल्या तर दिवसाचा रोजगार बुडे. शिवाय पासबुक घरात ठेवलं की नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हाती लागे, शिल्लक कळे आणि मागणी सुरू होई. म्हणून बँकच बाईकडे जाऊ लागली. आठवडी बाजारात भाजीच्या पाटीजवळ, टोपल्या विणणारीच्या ओट्यावर, वस्तीवर गोठ्यापाशी एजंट पोचू लागली. दहा-वीस रुपयांची पिग्मी, म्हणजे रोजची ठेव, तिथेच घ्यायची आणि तिथेच नोंदवायची. पुढे वहीच्या जागी हातात मावणारं यंत्र आलं, जागेवर पावती निघू लागली. पासबुक घरी नको, पण हिशेब हवा, ही बाईची अट बँकेनं पहिल्यापासून मानली. यंत्र आलं ते या अटीत बसणारं.

उत्तरेकडचा वारा

या काळापर्यंत जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाळ आणि विरळ वस्तीच्या मुलखात, दूरध्वनीची घडी बदलून झाली होती. स्वीडन आणि नॉर्वेत १९८१ मध्ये आणि फिनलंड व डेन्मार्कमध्ये पुढच्या वर्षी एकाच पद्धतीचं मोबाइल जाळं सुरू झालं. सरहद्द ओलांडली तरी तोच फोन चालावा, हा त्यामागचा विचार. तांत्रिक नियम सगळ्या उत्पादकांना खुले ठेवल्यामुळे स्वीडनची एरिक्सन आणि फिनलंडची नोकिया यांच्यात चुरस लागली. नोकियाची सुरुवात १८६५ मध्ये कागदाच्या गिरणीनं झाली होती आणि मधल्या काळात ती रबरी बूटही विकत होती. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये पुढच्या पिढीच्या, डिजिटल जीएसएम जाळ्यावरचा पहिला कॉल झाला. चारच वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाइल आला.

म्हसवडच्या बाईला तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, आणि आलेला कॉल उचलला तरी पैसे. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन आला : वर विजेरी, कळांत धूळ न शिरणारं आवरण, हातातून निसटणार नाही अशी खरबरीत कड. भारनियमन आणि फुफाटा सोसणाऱ्या मुलखाला असाच फोन हवा होता.

फोनसाठी कर्ज

संस्थेत सांगितली जाणारी एक गोष्ट याच काळातली. शेळ्या राखणारी एक बाई मोबाइलसाठी कर्ज मागायला आली. तिच्या हातात मोबाइल कशाला, असा प्रश्न कुणालाही पडला असता. तिचा हिशेब सरळ होता : शेळ्यांमागं दिवसभर रानात असते, घरी पोरांशी बोलता आलं पाहिजे. पण कर्ज मागून ती थांबली नाही. फोन कसा वापरायचा हेही शिकवा, म्हणाली.

ही दुसरी मागणी बँकेला जास्त खर्चाची, आणि जास्त मोलाची ठरली. नुसतं कर्ज देऊन धंदा वाढत नाही, सोबत शिकवणारंही कुणीतरी लागतं. २००६ मध्ये एचएसबीसीच्या मदतीनं बायकांसाठी उद्योगशाळा सुरू झाली. ज्या वस्त्यांवरून बायका येऊ शकत नव्हत्या, तिकडे शाळाच बसमध्ये बसून निघाली. शिवण, शेळीपालन, हिशेब, भाव ठरवणं, फोन वापरणं, असे विषय. पुढे ‘देशी एमबीए’ हा अभ्यासक्रम आला आणि फोन करून सल्ला घेण्याची सोयही झाली.

२००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे ९०.४ मेगाहर्ट्झवरचं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं. ज्या फोनवर घरी बोलायचं त्याच फोनवर एफएमही लागू लागलं. रानात शेळ्यांमागं फिरताना गावच्या बायकांच्या ओव्या ऐकू येऊ लागल्या.

पिन नको, अंगठा चालेल

डिजिटल व्यवहारांची वेळ आली तेव्हा बँकेनं पिनचा पर्याय पुढे ठेवला. बायकांनी तो नाकारला. पिन नवऱ्यानं विचारला तर सांगावा लागतो आणि एकदा सांगितला की कष्टाचे पैसे गेलेच. अंगठा मात्र कुणी चोरू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. बँकेला तो पटला. ज्या अंगठ्यामुळे पहिला अर्ज परत आला होता, तोच आता खात्याची किल्ली झाला.

आलेले, गेलेले

मधल्या काळात उत्तर युरोपातल्या मोठ्या कंपन्या भारतात आल्या, काही परतल्याही. नॉर्वेच्या टेलिनॉरनं ‘युनिनॉर’ नावानं महाराष्ट्रातही स्वस्त सेवा दिली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यात तिचेही गेले. स्पेक्ट्रमच्या लिलावात पुन्हा उतरून ती टिकली, पण २०१८ मध्ये तिचा भारतातला व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाला. नोकियाचा हँडसेटचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला.

त्याच २०१८ च्या जानेवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सगळ्या सहअध्यक्ष महिला होत्या. त्यांत नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग होत्या आणि म्हसवडच्या चेतना सिन्हाही. टेलिनॉरपुढे बँकेचा व्याप नगण्य. तरी बँक टिकली. ग्राहक कोण, तिचा रोजगार किती, तिच्या घरात पैशावर हात कुणाचा, हे पिग्मीच्या फेरीत रोज कळत गेलं. कंपन्यांनी दर स्वस्त केले, फोन टिकाऊ केले; हे ज्ञान मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

पुढचं काम

आज बाजारात भाजीच्या पाटीवरही क्यूआर कोड दिसतो. पण पैसे ज्या खात्यात पडतात ते कुणाचं आणि ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हे विचारावं लागतं. कित्येक घरांत स्मार्टफोन एकच, तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. विक्री बाईची आणि संदेश दुसऱ्याला, अशी गत. एकेकाळी पासबुक घरी नको म्हणणाऱ्या बाईची अडचणच नव्या रूपात परतली आहे. तेव्हा बँकेनं एजंट पाटीजवळ पाठवली होती. आता बाईच्या नावावर फोन, तिच्या नावाचा नंबर आणि तो नंबर तिच्याच खात्याला जोडलेला, एवढं करून द्यावं लागेल. फोनसाठी कर्ज मागणाऱ्या बाईनं तेव्हाच शिकवाही म्हटलं होतं. तेही यात आलं.