अडलेल्या काट्याचा इतिहास

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १९५४ पासून सुरुवात करतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनी त्या वर्षी कुत्र्यांच्या लहान आतड्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याचा कोणता भाग वगळला की अन्नातलं काय अंगी लागत नाही, हे त्यात होतं. माझ्या पेशंटना हा इतिहास सांगताना मी मात्र त्याच विद्यापीठात दहा वर्षं मागे जाते. वजन उतरवण्यासाठी आतडं जोडायला कुणी सुई उचलली नव्हती, तेव्हाच उतरणारं वजन का थांबतं, याचं बरंचसं उत्तर तिथल्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत नोंदवून झालं होतं.

मी आहारतज्ज्ञ. पुण्यातल्या एका रुग्णालयात वजनासाठी स्लीव्ह किंवा बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांचा पुढचा आहार माझ्याकडे असतो. सुरुवातीला प्रश्न खाण्याचे असतात. पनीर कधी, भाकरी कधी, चहा चालेल का. मग एक दिवस पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो, "मॅडम, काटा हलतच नाहीये." हे सांगताना मान खाली असते. चोरून काही खाल्लं असेल असं आपल्याला वाटेल, ही धास्ती चेहऱ्यावर दिसते. ती लाज त्यांच्या वाट्याला यायचं काही कारण नाही, आणि म्हणून मी हा इतिहास सांगत बसते.

१९४४ च्या नोव्हेंबरात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने मिनेसोटात ३६ तरुण गोळा केले. शस्त्र हाती धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले हे स्वयंसेवक. युद्धाने युरोपात उपासमार आणली होती, आणि खंगलेल्या माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कीजना शोधायचं होतं. बारा आठवडे व्यवस्थित जेवण झालं. मग २४ आठवडे अर्धपोटी. दिवसाला साधारण १६०० कॅलरी, म्हणजे बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं.

या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे वजनाचा आलेख. कीजनी प्रत्येकाची रेषा आधीच आखली होती. तिच्यावर वजन राहावं म्हणून दर आठवड्याला त्याच्या ताटातला ब्रेड-बटाटा कमीजास्त केला जाई. आणि ती रेषा सरळ तिरपी उतरणारी नव्हतीच. सुरुवातीला ती झपाट्याने खाली येत होती, मग वळत होती आणि शेवटच्या आठवड्यांत जवळपास आडवी होत होती. वजन थांबणार, हे त्या माणसाने प्रयोगाच्या आराखड्यातच धरलं होतं.

चोवीस आठवड्यांनी त्या तरुणांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शाने घटलं होतं. पण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा जाळतं, ती घटली होती जवळपास ४० टक्क्यांनी. अंग लहान झालं की खर्च कमी होणारच, पण ही घट त्याहून जास्त होती. नाडी मंद झाली होती. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजत होती. ते ताटल्या चाटत, पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पगार घटला की घर जसं आधी दिवे बंद करतं, मग हॉटेल सोडतं, मग दुरुस्त्या पुढे ढकलतं, तसं शरीर एकेक खर्च आवरत गेलं होतं. प्रयोगानंतर पोटभर खायला मिळालं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. १९५० साली कीज आणि सहकाऱ्यांनी हे सगळं दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केलं.

ते खंड समोर असताना, पुढची कित्येक वर्षं शस्त्रक्रियेच्या क्षेत्राने वजन अडण्याकडे पेशंटची चूक म्हणून पाहिलं, असं माझं मत आहे. १९५६ मध्ये लॉस एंजेलिसला पेन आणि डिविंड यांनी लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळून ते थेट मोठ्या आतड्याला जोडायला सुरुवात केली. कल्पना अशी, की वजन हवं तितकं उतरलं की दुसऱ्या शस्त्रक्रियेने आतडं पूर्ववत जोडायचं. म्हणजे शरीर नव्या वजनावर मुकाट राहील, असं गृहीतच धरलं होतं. आतडं पूर्ववत केल्यावर वजन परत आलं. मग ते आतडं कायमचंच वगळायचं ठरलं, जोडणीची जागा बदलली, आणि त्या बायपासने हजारो लोकांना सतत जुलाब, मूतखडे आणि काहींना यकृत निकामी होण्यापर्यंतचे त्रास दिले. १९८० च्या सुमारास ती पद्धत मागे पडली. काटा पुढे ढकलण्यासाठी माणसाचं पोषणच काढून घेतलं, तर त्याची किंमत काय होते, हे त्या काळाने दाखवलं.

वेगळी वाट काढली एडवर्ड मेसन यांनी. तेही मिनेसोटात शिकलेले, पुढे आयोवा विद्यापीठात गेलेले. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले पेशंट बारीक होतात आणि परत सहजी जाड होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी जठराचा बायपास सुरू केला. मला मेसन यांच्याबद्दल आदर वाटतो तो त्यांच्या चिकाटीसाठी. शस्त्रक्रिया करून सोडून देणं त्यांना मान्य नव्हतं. पेशंटची नोंद वर्षानुवर्षं ठेवली पाहिजे, यावर ते अडून राहिले. शंभर वर्षांचं आयुष्य जगून ते २०२० मध्ये गेले.

अशा लांबच्या नोंदी सगळ्यात चांगल्या ठेवल्या स्वीडनने. १९८७ मध्ये लार्स श्योस्त्रोम यांनी सुरू केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले दोन हजारांवर आणि न झालेले साधारण तितकेच लोक होते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात मी त्यातले आकडे बोट ठेवून दाखवते. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं, आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. जठराला पट्टा घातलेल्यांची घट २० टक्क्यांवरून १४ वर आली. शस्त्रक्रिया न झालेल्यांचं वजन तेवढ्या वर्षांत जिथल्या तिथेच राहिलं होतं. म्हणजे उतरणं, थांबणं, थोडं चढणं आणि मग टिकणं हा या शस्त्रक्रियेचा नेहमीचा प्रवास आहे.

कारणं पुढे एकेक करून उलगडत गेली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन शोधलं. चरबी घटली की हे संप्रेरक घटतं आणि मेंदू सावध होतो. पुढच्याच वर्षी तिथल्याच लायबेल, रोझेनबॉम आणि हिर्श यांनी मोजून दाखवलं, की वजन दहा टक्क्यांनी उतरवून तिथेच टिकवलेल्या माणसाचं शरीर हिशेबापेक्षाही कमी ऊर्जा खर्च करतं. १९९९ मध्ये जपानमध्ये घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक सापडलं. डाएटने वजन उतरवलं की ते वाढतं. शस्त्रक्रियेत मात्र जठराच्या ज्या भागात ते मुख्यतः तयार होतं तो वगळला किंवा काढला जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने भूक शांत राहते त्यामागे हेही एक कारण आहे.

आज सर्रास होणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया मुळात एकटी करायची म्हणून आली नव्हती. २००० च्या आसपास अमेरिकेत अतिलठ्ठ, जोखमीच्या पेशंटवर दोन टप्प्यांत काम करायची पद्धत निघाली. आधी जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून ते नळीसारखं उरवायचं, वजन उतरून थांबलं की दुसऱ्या टप्प्यात आतडं वळवायचं. कितीतरी जणांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही, आणि पहिला टप्पा हीच स्वतंत्र शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमटन उडवाडिया यांनी पित्ताशय काढून उघडली होती. त्याच वाटेने पुढे पोटावर मोठी चीर न देता या शस्त्रक्रिया इथे होऊ लागल्या.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पुण्यातूनच जगाला कळली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण स्नायूंच्या बाबतीत मुळातच गरीब. शस्त्रक्रियेनंतर भराभर वजन उतरताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च आणखी घटतो आणि काटा लवकर अडतो.

संगमनेरकडच्या एक बाई येतात. शाळेत शिक्षिका आहेत. शंभर पानी वहीत रोजचं वजन लाल पेनाने लिहितात. पाचव्या महिन्यात त्या वहीची तीन आठवड्यांची पानं मी पाहिली. ९१.४, ९१.६, ९१.४, ९१.३, पुन्हा ९१.४. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी टेपने कंबर मोजली तर मागच्या खेपेपेक्षा चार सेंटिमीटर कमी. "ब्लाउज टेलरकडून परत आत घेतलाय," त्यांना तेव्हा आठवलं. मग दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी वाटीभर वरण आणि अर्धी पोळी, चारला थोडा चिवडा, रात्री मऊ भात. श्रावणातले सोमवार आणि शनिवार साबुदाणा. सगळं मोजकंच होतं, लपवलेलं काही नव्हतं. पण प्रथिनं जेमतेम तीस ग्रॅम, हवी होती साठच्या वर. चिवडा आणि बिस्किट नळीसारख्या जठरातून सरकन खाली जातात, पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि कॅलरी मात्र जमा होतात. आम्ही साबुदाण्याऐवजी उपवासाला पनीर आणि दही ठेवलं, चारच्या चिवड्याच्या जागी मोड आलेली, शिजवलेली मटकी आली, जेवणात आधी प्रथिनं आणि मग पोळी असा क्रम लावला. फिजिओथेरपिस्टने पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायचे व्यायाम शिकवले. नुसतं चालणं त्या आधीपासून करतच होत्या, स्नायू राखायला ते पुरत नव्हतं.

प्रत्येक अडलेला काटा सारखा नसतो. तिसऱ्या आठवड्यातला थांबा बहुधा पाण्याचा असतो. सुरुवातीला यकृत आणि स्नायूंतली साठवलेली साखर संपते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं, आणि पुढे ते थोडं परत भरतं. सहाव्या-आठव्या महिन्यातला थांबा कीजच्या रेषेतला असतो. दीड-दोन वर्षांनी चढू लागलेलं वजन ही तिसरीच गोष्ट. तिथे थायरॉईड, इन्सुलिन, स्टेरॉइड, मानसोपचाराची काही औषधं, झोप, मनाची अवस्था सगळं तपासावं लागतं. कधी नवी औषधं लागतात. टिर्झेपाटाइड २०२५ च्या मार्चपासून भारतात मिळू लागलं आहे. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, केमिस्ट किंवा शेजारीण नव्हे. पुन्हा शस्त्रक्रिया करायचा विचार त्यानंतरचा.

आता मी प्रत्येक नव्या पेशंटच्या फाइलमध्ये शस्त्रक्रियेच्या आधीच आलेख कागदावर वळणारी रेषा काढून ठेवते, आडव्या भागासकट. माझा अनुभव असा, की पेशंट तपासणीला येणं सोडतात ते नेमके काटा अडलेल्या महिन्यात, लाजेपोटी. तुमची शस्त्रक्रिया झाली असेल आणि वजन थांबलं असेल, तर ती तारीख चुकवू नका. खाण्याची वही, चालू असलेल्या औषधांची यादी आणि रक्ताचे जुने अहवाल घेऊन या. आणि घरच्यांनो, आल्यागेल्यांसमोर "किती उतरलं?" हे विचारणं थांबवा.