मेंदूसारखी चिप आणि ‘पोस्ट-डॉक’ : काम काय, पैसे किती, वाट कशी? जाणून घ्या

अहिल्यानगर : पोराची पीएचडी झाली म्हणजे तो लगेच प्राध्यापक होणार, असं आपल्याकडे बहुतेक घरांत धरून चालतात. विज्ञानात आता तसं राहिलेलं नाही. पीएचडी आणि कायम नोकरी यांच्या मधे आणखी एक टप्पा असतो, त्याला पोस्ट-डॉक म्हणतात. ज्या विषयांत ही पदं निघतात त्यातला एक नवा विषय म्हणजे ‘न्यूरोमॉर्फिक हार्डवेअर’, म्हणजे माणसाच्या मेंदूच्या पद्धतीने चालणारी चिप. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं-पोरी बीएस्सी फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इंजिनिअरिंग करतात. त्यांच्यापेक्षाही त्यांच्या आईबापांनी ही माहिती जरूर वाचावी.

आधी चिपचं समजून घेऊ

आजच्या कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायची जागा वेगळी आणि हिशोब करायची जागा वेगळी. समजा कांदा चाळीत आहे आणि निवडायला बाया बसल्यात दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर. दिवसभर टेम्पोच्या खेपा. निवडायला लागतो त्यापेक्षा जास्त खर्च डिझेलवरच जातो. कॉम्प्युटरचंही तसंच होतं, माहितीची ने-आण करण्यात वीज जळते. एआयसाठी वापरतात त्या एनव्हिडिया कंपनीच्या एच-१०० या एकाच चिपला ७०० वॅटपर्यंत वीज लागते. आपल्या भाषेत जवळपास एक एचपीची मोटर. अशा हजारो चिपा एका ठिकाणी चालतात, तेव्हा बिल काय येत असेल ते मोटरचं बिल भरणाऱ्याला सांगायला नको.

मेंदूत मात्र सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत आणि सगळा कारभार साधारण २० वॅटवर चालतो. कारण तिथं साठवण आणि हिशोब एकाच जागी होतो. कांदा चाळीतच निवडला जातो. दुसरं म्हणजे पेशी उगाच चालू राहत नाही. शेततळ्यात पाणी साठत जातं, थोडं झिरपतं, आणि भरलं की सांडव्यावरून निघतं, तशी पेशी पुरेसे इशारे जमल्यावरच पुढे एक ठोका देते. बाकी वेळ गप्प.

कॅलटेकचे कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात या कल्पनेवर काम सुरू केलं. आयबीएमने २०१४ मध्ये ‘ट्रू-नॉर्थ’ चिप आणली. तिच्यात दहा लाख कृत्रिम पेशी होत्या आणि तिला वीज लागायची अवघी ७० मिलिवॅटच्या आसपास. नंतर इंटेलची ‘लोइही’ आली. तरी बाजारात अजून या चिपांचं राज्य आलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. संशोधनच चालू आहे, म्हणून तर पोस्ट-डॉक लागतात.

यात ‘मेमरिस्टर’ हा शब्द वारंवार येतो. नव्या पाटात पाणी आधी अडखळतं, पण दोन-चार पाळ्या गेल्या की पाट बसतो आणि पाणी सरळ जातं. मेमरिस्टरमधून आधी वीज किती आणि कशी गेली, त्यावर त्याचा पुढचा विरोध ठरतो, आणि वीज बंद केली तरी तो ते विसरत नाही. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर मांडलेली ही वस्तू प्रत्यक्षात दाखवली ती एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने, २००८ मध्ये.

हे काम आपल्याकडे कुठं चालतं?

लोकांना वाटतं हे सगळं अमेरिकेत. पण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स विभागात डॉ. तुकाराम डोंगळे यांचा गट मेमरिस्टरवरच काम करतो. आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांचा गट मेंदूसारख्या चिपांच्या मागे आहे. बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात असं साधन दाखवलं की ज्यात १६,५०० वेगवेगळ्या पातळ्या साठवता येतात. साध्या मेमरीच्या एका कप्प्यात दोनच पातळ्या असतात, शून्य आणि एक.

पोस्ट-डॉकचं रोजचं काम म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत, अंगभर झगा घालून, धातूच्या ऑक्साईडचे केसापेक्षा हजारपट पातळ थर बसवणे, ते सुयांनी तपासणे, न चाललेले बाजूला टाकून परत बनवणे. कुणी सर्किट आखतं, कुणी फक्त कॉम्प्युटरवर गणित चालवतं. त्याशिवाय पेपर लिहिणे आणि ज्युनिअर पोरांना शिकवणे. महिनोन्महिने हाती काही लागत नाही. कोरडवाहू शेतीची सवय असलेल्याला हे नवीन नाही म्हणा.

पैसे आणि मुदत

केंद्राच्या विज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून दर वाढवले. प्रकल्पावरच्या रिसर्च असोसिएटला दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर नियमाप्रमाणे घरभाडे. त्याआधी पीएचडी करताना पहिली दोन वर्षे ३७,००० आणि पुढे ४२,०००. म्हणजे पीएचडीला बापाच्या खिशातून पैसे घालावे लागतात हा समज फेलोशिप मिळवणाऱ्याला लागू नाही. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांना सारथी, अनुसूचित जातींना बार्टी, ओबीसी-भटक्यांना महाज्योती यांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत. अनुदान काही वेळा महिनोन्महिने अडकतं, तेवढी तयारी मात्र ठेवावी.

सदर पद कंत्राटी असते. बहुतेक वेळा एक वर्षाचं पत्र, काम पाहून पुढे वाढ, आणि प्रकल्पाचे पैसे संपले की पद संपलं. पेन्शन नाही. पुढे कायम जागा मिळेलच याची हमी कुणी देत नाही. सोयरिकीच्या बैठकीत ‘पर्मनंट आहे का’ असं विचारलं तर खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण चिप डिझाईनच्या खासगी कंपन्या या अनुभवाची किंमत करतात, आणि परदेशातल्या प्रयोगशाळाही अशी माणसं घेतात.

वाट

बारावी सायन्स, मग बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग. बीएस्सीनंतर ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते, आपल्याकडे फार कमी पोरं ती देतात. मग नेट-जेआरएफ किंवा गेट आणि पीएचडीची चार ते सहा वर्षे. पोस्ट-डॉकला पोचेपर्यंत वय २९-३० होतं. केंद्राच्या नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला वयाची अट ३५ असून महिला आणि ठरावीक प्रवर्गांना सवलत आहे. मुलीच्या बाबतीत घरचे पंचविशीतच घाई करतात. तिला पुढे जायचं असेल तर हे वर्षांचं गणित एमएस्सीला असतानाच घरात मांडलेलं बरं.

आपल्या कॉलेजात अशी मशिनरी नाही म्हणून अडू नये. ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्राम’ या योजनेत बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांना आयआयटी मुंबई, आयआयएससी अशा ठिकाणी प्रशिक्षण आणि यंत्रं वापरायला मिळतात. कॉलेजच्या सरांना विचारा, अर्ज त्यांच्यामार्फतही करता येतो.

अर्ज करताना

पोस्ट-डॉक संस्थेच्या नावावर घेऊ नये, गाईड आणि प्रकल्प बघून घ्यावा. मुलाखतीत दोन गोष्टी बिनधास्त विचाराव्यात : प्रकल्पाचे पैसे अजून किती महिन्यांचे आहेत, आणि आधीचे पोस्ट-डॉक इथून कुठं गेले. चांगला गाईड यावर चिडत नाही. जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या वेबसाईटवर आहे का ते पाहावं. अशा पत्त्याच्या शेवटी बहुतेक ‘एसी डॉट इन’, ‘आरईएस डॉट इन’ किंवा ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. निवड करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर ते पद खोटं समजावं आणि सायबर हेल्पलाईन १९३० वर कळवावं.